पायाखालचा कातळ आणि चंद्रावरचा ससा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीचे पत्र आले त्यात विषय लिहिला होता, 'ग्रहविज्ञान आणि सामान्य माणूस'. विषय मोठा आहे आणि आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. आम्ही चार शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि सोबत एक चार इंची दुर्बीण. शाळांतून, वस्त्यांतून, कधी एस. टी. स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही ती दुर्बीण लावतो आणि येईल त्याला आकाश दाखवतो. त्यामुळे ग्रहविज्ञान म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा, ते लोकांना सांगताना कुठे अडते आणि कुठे उलगडते, एवढेच आम्हाला अधिकाराने बोलता येईल. उदाहरणही एकच घेऊ. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले, लोणारचे.

आकाशाविषयीची बहुतेक व्याख्याने आकड्यांनी सुरू होतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, गुरूच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील, वगैरे. ऐकणारा 'अबब' म्हणतो. दुसऱ्यांदा 'अबब' म्हणतो. तिसऱ्या वेळी त्याला जांभई येते. आणि आम्हाला सगळ्यात खटकते ते हे की, माणूस आला होता त्यापेक्षा लहान होऊन घरी जातो. हे सगळं फार मोठ्या लोकांचं काम आहे, आपल्या डोक्यावरून जाणारं आहे, असं त्याला वाटतं. ज्यांना पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलं की ज्ञान हे तुमचं काम नाही, त्यांच्यापुढे विज्ञानाने पुन्हा त्याच थाटात उभं राहावं, हे काही बरोबर नाही.

म्हणून आम्ही सुरुवात दगडापासून करतो. तुमच्यापैकी बरेच जण अजिंठ्याला जाऊन आलेले आहेत. तिथली लेणी ज्या काळ्या कातळात कोरली, तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशा थरांच्या चळतीवर बसलेला आहे. शास्त्रात या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. आपण काळा पाषाण म्हणतो, कातळ म्हणतो, फोडला की गिट्टी म्हणतो. घराचा पाया त्याचा, पाटा-वरवंटा त्याचा, जातेही त्याचेच.

आता चंद्राकडे बघा. चंद्रावर काळसर डाग दिसतात, त्यांना आपण ससा म्हणतो. जातककथेतला ससा इथल्या मुलांना ठाऊकच आहे. तर हा ससा सुद्धा बेसॉल्टचाच आहे! चंद्रावरही फार पूर्वी लाव्हा वर आला, खोलगट भागात साचला आणि थिजला. तेच हे डाग. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मधून दोन माणसे चंद्रावर उतरली, ती अशाच एका काळ्या पट्ट्यात. त्यांनी सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती आणली. तपासले तेव्हा त्यातला काळा दगड बेसॉल्ट निघाला, वय साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक. म्हणजे आपल्या कातळाच्या पन्नास पटीहून जुना, पण जात तीच.

हे सांगितलं की सभेत एक प्रकारची हालचाल होते. कोणी तरी पायाखालचा खडा उचलून बघतं. आम्हाला हवं असतं ते एवढंच.

मात्र साम्य सांगून थांबू नये, फरकही सांगावा, कारण फरकात जास्त विज्ञान असते. एका शेतकरी बांधवाने विचारले होते, "कातळ तोच, तर मग तिथं कापूस पिकंल का?" सगळे हसले. आम्हाला मात्र प्रश्न फार आवडला. आपली काळी माती म्हणजे कातळच. पाऊस, हवा, ऊन, मुळे, किडे-मुंग्या यांनी लाखो वर्षे त्याला कुजवले, तेव्हा तो चिकट, पाणी धरून ठेवणारी माती झाला. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही. तिथल्या कातळाला कुजवणारे कोणी नाही. त्यावर लहान-मोठे दगड येऊन आदळतात आणि त्याचा भुगा होतो, इतकेच. चंद्रावर कातळ आहे, काळी माती नाही. हे वाक्य त्या बांधवाला आयुष्यात विसरता येणार नाही, कारण माती म्हणजे काय ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता लोणार. पाहिलेले आहे ना सगळ्यांनी? गोल खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाला खारे पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड आहे असे मानले जात होते. त्यात नवल नाही. आजूबाजूला सगळा लाव्हाच, मग खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असे कोणालाही वाटेल. तो बाहेरून आलेल्या पाषाणाच्या धडकेने झाला, याचे भक्कम पुरावे १९७३ मध्ये अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केले.

आणि इथेच सांगणाऱ्याची कसोटी असते. 'आकाशातून मोठा दगड पडला आणि खड्डा झाला' हे एका वाक्यात सांगून मोकळे होता येते. लोणारला गेलात तर तेवढेच ऐकायला मिळते, मग फोटो काढायचा आणि परत यायचे. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याला लहानपणापासून सांगितलेले असते की इथे लवणासुर नावाचा राक्षस राहायचा आणि विष्णूने त्याला मारले. आता आम्ही येऊन सांगतो, राक्षस नाही, दगड. त्याने तेही पाहिले नाही आणि हेही पाहिले नाही. मग त्याने एक गोष्ट सोडून दुसरी का धरावी? आमचा आवाज मोठा आहे म्हणून? आमच्याकडे दुर्बीण आहे म्हणून? कसं कळलं, हे सांगितल्याशिवाय विज्ञानाची गोष्ट ही सुद्धा नुसती गोष्टच राहते.

लवणासुराच्या कथेची आम्ही टिंगल करत नाही. टिंगल केली की माणूस कान बंद करतो. उलट, 'बघा, आमच्या पुराणात उल्कापात आधीच लिहून ठेवला होता' असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्याही मागे आम्ही जात नाही. कथा लिहिणाऱ्यांना पाणी खारे आहे हे ठाऊक होते. ते चाखून कळते.

मग कसं सांगायचं? आम्ही परात घेतो. तळाशी चुलीतली राख, तिच्यावर हळदीचा पातळ थर, सगळ्यात वर तांदळाची पिठी. हात उंच करून वरून गोटी सोडायची. खड्डा पडतो, त्याला उचललेला काठ येतो. आणि बारकाईने बघा, काठाच्या बाहेर पांढऱ्या पिठीवर पिवळी हळद पडलेली असते, तिच्यावर राख. खालचे वर आले, वरचे खाली गेले. पोळी तव्यावर उलटावी तसे थर उलटले. लोणारच्या काठावर भूशास्त्रज्ञांना हेच सापडते. आतल्या भिंतीत लाव्ह्याचे थर आपल्या जागी एकावर एक आहेत, पण काठावर आणि काठाबाहेर ते दुमडून उलटे झालेले आहेत. जुना थर वर. ज्वालामुखीतून रस बाहेर येतो, पण तो भोवतालच्या थिजलेल्या कातळाला असा उलटवून टाकत नाही.

एकदा एका वस्तीत हा प्रयोग चालला होता. खदानीवर गिट्टी फोडायला जाणाऱ्या एक मावशी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोटी तर इथंच दिसून राह्यली. मंग तिकडला दगड कुठी गेला?"

प्रश्न म्हणावा तर असा! आणि प्रयोगाची मर्यादा त्यांनी आमच्याआधी पकडली. गोटी पडते हळू. अवकाशातून येणारा पाषाण सेकंदाला अकरा किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने येतो. एवढ्या वेगाने थांबताना त्याची सगळी गती क्षणात उष्णता आणि दाब यांत बदलते. तो रुतत नाही, फुटतो. त्याचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होतो. म्हणून खड्डाही दगडाच्या आकाराचा होत नाही, स्फोटाच्या आकाराचा, म्हणजे गोल होतो, दगड थोडा तिरका आला तरी. मग पुरावा काय उरला? काचेचे बारीक मणी. वितळलेल्या कातळाचे थेंब उडाले, हवेतच थिजले आणि मातीत पडले. त्यांतल्या काहींत निकेल आणि क्रोमियम हे धातू आपल्या कातळात असतात त्यापेक्षा जास्त सापडले. हे जास्तीचे धातू बाहेरून आले. मावशींना आम्ही सांगितलं, "दगड गेला नाही. त्या मण्यांत मुरला."

त्यांना पुढचंही सांगितलं, कारण दगड कसा फुटतो हे त्यांच्या हाताला माहीत आहे. हातोड्याचा घाव नीट बसला की दगड धारेने फुटतो, चुकीचा बसला की चुरा होतो. पण असाही एक घाव असतो की दगड फुटत नाही, आतून बदलतो. कातळात पांढुरक्या, चमकदार स्फटिकांचे कण असतात. हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाचा धक्का क्षणभर बसला, तर त्या स्फटिकाची आतली रचना मोडते आणि तो वितळल्याशिवायच काच होतो. बाहेरून आकार तोच, आतून काच. या पदार्थाला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी कितीही भडकला तरी एवढा दाब देऊ शकत नाही. लोणारच्या दगडांत मास्केलिनाइट सापडला आणि ज्वालामुखीचा दावा तिथेच संपला.

हा पदार्थ पहिल्यांदा कशात ओळखला गेला, ठाऊक आहे? बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटी नावाचे गाव आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी तिथे आकाशातून एक दगड पडला, सुमारे पाच किलोचा. १८७२ मध्ये चेरमाक नावाच्या शास्त्रज्ञाने त्यात ही काच ओळखली. तो दगड कुठून आला हे कळायला मात्र आणखी शंभर वर्षांवर गेली. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर उतरून तिथल्या हवेतल्या वायूंची मोजदाद केली. पुढे १९८३ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका दगडात कोंडलेला वायू तपासला, तो मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीत पडलेला दगड मंगळाचा. मंगळावर असाच काही पाषाण आदळला, तिथला दगड उडाला आणि फिरत फिरत बिहारच्या शेतात आला.

इथे आम्ही थोडं थांबतो, कारण सभेत मंगळाचं नाव निघालं की कुणाच्या तरी मनात पत्रिका असते. आपल्या समाजात पत्रिका बघत नाहीत असे आपण म्हणतो. पण शेजारच्या घरात बघतात, आणि कधी कधी आपल्याही घरात हळूच बघतात. 'मुलीला मंगळ आहे' या तीन शब्दांनी किती मुलींची लग्ने मोडली आणि शांतीच्या नावाखाली किती बापांचा पैसा गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान मंगळाभोवती फिरू लागलं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर यान होते आणि आतल्या पानावर राशिभविष्य होतेच. आम्ही मंगळावर भाषण देत नाही. शेरघाटीची हकिगत सांगतो आणि म्हणतो, तो मंगळाचा तुकडा पाच किलोचा होता, लोकांनी हातात घेतला, कापला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कोणाचं काही बिघडलं नाही.

मंगळाचीच दुसरी गंमत. 'अमुक रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतो. त्याचे मूळ खरे आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पुढे, म्हणजे सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता. मूळ निरोपात होते की, पंचाहत्तर पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तर नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो तेवढा दिसेल. पुढे पाठवताना दुर्बीण गळाली आणि सालही गळाले. खोटी बातमी बऱ्याच वेळा अशीच तयार होते. कोणी खोटे लिहीत नाही, वाक्य मधेच तुटते.

लोणारच्या बाबतीतही वाक्ये तुटतात. 'बेसॉल्टमधले जगातील एकमेव विवर' असे छापलेले तुम्ही वाचले असेल. ते खरे नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये लाव्ह्याच्या थरांवर अशी विवरे आहेत. लोणारचे वैशिष्ट्य असे की ते तरुण आहे, फारसे झिजलेले नाही, आणि जवळजवळ सगळेच कातळात आहे. म्हणूनच चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथे येतात. चंद्रावर जाऊन खणणे परवडत नाही, लोणारला एस. टी. जाते. एवढे मोठेपण पुरेसे आहे. 'एकमेव' म्हटले की आज टाळ्या मिळतात, आणि उद्या एखाद्या मुलाने ब्राझीलचे वाचले की त्याला आमच्या बाकीच्या बोलण्याचाही संशय येतो. तो यावाच.

आता वय. हे सांगणं सर्वांत अवघड. लोणार किती वर्षांचं? बऱ्याच ठिकाणी पन्नास किंवा बावन्न हजार वर्षे असे लिहिलेले असते. २०११ मध्ये मात्र दुसऱ्या पद्धतीने मोजणी प्रसिद्ध झाली, ती निघाली सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दहा पटींहून जास्त फरक! आमच्यातच यावर वाद झाला होता. काहींचे म्हणणे, लोकांना एकच आकडा द्या, नाहीतर ते म्हणतील, या शास्त्रज्ञांनाच काही माहीत नाही. २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले, तेव्हा असेच झाले होते. काल नऊ, आज आठ, उद्या सात म्हणाल, असे लोक म्हणत होते.

शेवटी आम्ही दोन्ही आकडे सांगायचे ठरवले, पण पद्धतीसकट. ते असं. समजा, अंगणात रांजण आहे आणि त्यात नळाचे थेंब पडतात. किती भरला यावरून किती वेळ झाला ते सांगता येते. दगडातल्या कणांतही नैसर्गिक किरणांमुळे थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. दगड खूप तापला की रांजण रिकामा होतो आणि पहिल्यापासून भरू लागतो. प्रयोगशाळेत त्याला तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. ती मोजायची. बावन्न हजार हा आकडा या रांजणाचा. पण रांजण काठोकाठ भरला असेल तर? पुढचे थेंब सांडून जातात, आणि वय कमी भरते. दुसरी पद्धत वायूची. दगडातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा भाग ठरावीक संथ गतीने आरगॉन वायूत बदलत राहतो. दगड पूर्ण वितळला की जुना वायू निघून जातो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. पण नीट वितळला नसेल तर? मूळ कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचा जुना वायू आत शिल्लक राहतो, आणि वय जास्त भरते. २०११ च्या मोजणीत हा शिल्लक वायू हिशेबात धरून वजा केलेला आहे.

एवढं सांगितलं की लोक गोंधळत नाहीत. उलट एका सभेत पतपेढीत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे एका वहीत जमा कमी लागली असेल, नाहीतर दुसरीत मागची बाकी राहिली असेल." आम्ही हे वाक्य तेव्हापासून उसने घेतले आहे. शास्त्रज्ञ भांडतात म्हणजे त्यांना काही कळत नाही, असा अर्थ त्या सभेत कोणी काढला नाही. कुठे घसरू शकते हे ज्याला सांगता येते, त्याच्यावर माणूस जरा जास्त विश्वास ठेवतो, असा आमचा अनुभव आहे.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा या विश्वासाची परीक्षा झाली. टाळेबंदीचे दिवस, माणसे घरात, हातात मोबाइल आणि मनात आधीच भीती. आम्हाला दिवसभर फोन येत होते. कोणी म्हणे शाप, कोणी म्हणे विषारी वायू, कोणी म्हणे चीनने काही टाकले. आम्ही म्हणालो, पाणी कमी झाले आहे, खारेपणा वाढला असणार, अशा पाण्यात रंगीत सूक्ष्म जीव वाढतात हे इतर देशांतल्या खाऱ्या सरोवरांत दिसलेले आहे, पण इथे नक्की काय ते तपासणीनंतर कळेल. 'तपासणीनंतर कळेल' हे वाक्य फार लोकांना आवडले नाही. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, आणि मिठाच्या पाण्यात राहणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्म जीवच निघाले. पुढे रंग ओसरला. ज्यांनी तेव्हा फोनवर आम्हाला झिडकारले होते, त्यांतल्या दोघांनी नंतर आपल्या शाळेत दुर्बीण लावायला बोलावले.

पण लोणारविषयी आमची खरी चिंता पाण्याच्या रंगाची नाही. खड्ड्याच्या आतला भाग अभयारण्य आहे, त्याला कुंपण आहे, रक्षक आहेत. २०२० मध्येच त्याला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. परातीतली हळद आठवा. धडकेने उडालेला, उलटा होऊन पडलेला जो थर आहे, तो काठाच्या बाहेर आहे, सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत. तो शेतात आहे, रस्त्याखाली आहे, गावातल्या घरांखाली आहे. त्याला कुंपण नाही. कोणी पाया खणतो, कोणी मुरूम म्हणून उचलून भराव टाकतो. एकदा ढवळला की तो थर पुन्हा वाचता येत नाही. पुस्तकाची पाने फाडून पुन्हा ढीग करून ठेवावा, तसे. आणि ज्याचे शेत आहे, ज्याचे घर आहे, त्याला हे कोणी सांगितलेलेच नाही. परदेशातून अभ्यासक येतात, पिशवीत दगड घेऊन जातात, लेख इंग्रजीत छापला जातो. ज्याच्या परसात हा पुरावा पडला आहे, त्याच्यापर्यंत मराठीतला एक कागदही पोहोचत नाही.

काठाजवळच्या एका घरी शोषखड्डा खणत होते. आम्ही आणि शाळेची काही मुले तिथून चाललो होतो. आम्ही थांबून सांगू लागलो, तर घरमालक चिडले. "आमचा मुरूम म्हणजे तुमचा पुरावा! मग आम्ही घर कुठं बांधावं? सरकार प्लॉट देणार आहे का?" त्यांचं चुकीचं काय होतं? गरीब माणसाला विज्ञानाच्या नावाने आणखी एक मनाई ऐकवायची, हे आमचे काम नाही. आम्ही म्हणालो, खणू नका असं नाही म्हणत, नुसतं बघू द्या. खड्ड्याच्या भिंतीत वर हातभर माती होती, आणि तिच्याखाली लहान-मोठे, अणकुचीदार दगड कसेही कोंबल्यासारखे मिसळलेले होते. नदीच्या गाळातले दगड गोल झालेले असतात, हे दगड तसे नव्हते. एका मुलीने घरमालकांनाच विचारले, "काका, हे दगड असे तिरपे का?" काका खाली वाकले. दहा मिनिटांनी तेच मुलांना सांगत होते की विहीर खणताना त्यांच्या वडिलांना सुद्धा असेच लागले होते, आणि त्याखाली मग सरळ कातळ लागला. किती फुटांवर, ते पण त्यांना पाठ. ही माहिती कुठल्या वहीत नाही. त्यांनी शोषखड्ड्याची एक बाजू आठ दिवस तशीच उघडी ठेवली आणि शाळेचे दोन वर्ग येऊन बघून गेले. मग बुजवला.

चांद्रयानाबद्दल बोला असे काही तरुणांनी चिठ्ठीत लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरले ते सशाच्या अंगावर नव्हे. चंद्राच्या दक्षिणेकडच्या पांढुरक्या, जुन्या भागात उतरले. तिथला दगड कातळाहून वेगळा, फिका, आणि प्रज्ञान गाडीवरच्या उपकरणाने त्याचा कस तपासला. पण आम्हाला सभेत सांगायला आवडते ती त्यावरची तापमापकाची सळई. जमिनीत अगदी थोडी रोवली. वर तापमान पन्नास अंशांच्या पुढे, आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा! आठ सेंटिमीटर म्हणजे किती? चार बोटे जुळवून आडवी धरा, जवळजवळ तेवढे. वर नागपूरचा मे महिना, आणि चार बोटे खाली बर्फ थिजेल अशी थंडी. चंद्रावरचा भुगा इतका सैल आहे, आणि मधे हवाही नाही, म्हणून ऊन खाली झिरपत नाही. मुले आपापली चार बोटे बघत बसतात.

आता कार्यक्रमाविषयी सूचना आणि मग आम्ही थांबतो. समितीची इच्छा होती की पौर्णिमेला विहारात सगळे जमतात, तर दुर्बीण तेव्हाच लावावी. आम्ही नम्रपणे नकार दिला. पौर्णिमेला सूर्याचे ऊन चंद्रावर आपल्या पाठीमागून, सरळ समोरून पडते, सावल्या दिसत नाहीत, आणि खड्डे पुसल्यासारखे होतात. परातीतला खड्डा दिव्याच्या उजेडात वरून बघा आणि मग दिवा बाजूला धरून बघा, फरक कळेल. म्हणून शुद्ध अष्टमी. चंद्र अर्धा असतो, संध्याकाळीच डोक्यावर असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात. त्या सीमेजवळ टॉलेमी नावाचे एक विवर दिसेल, व्यास दीडशे किलोमीटरच्या आसपास. लोणारहून संभाजीनगर सडकेने जेवढे आहे, साधारण तेवढा एक खड्डा.

चष्मा असलेल्यांनी चष्मा काढला तरी चालेल, दुर्बीण तुमच्या डोळ्याप्रमाणे लावून देऊ. नळीला हात लावू नका, हलते. चित्र उलटे दिसेल, ते दुर्बिणीमुळे. आजींसाठी खुर्ची ठेवू. आणि बालमित्रांनो, तुम्ही विचारणार हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. लोणारएवढा खड्डा आमच्या दुर्बिणीतून चंद्रावर दिसत नाही. तो फार लहान पडतो. जे जे दिसेल ते सगळे त्याच्याहून मोठे असेल. किती दिसतात ते मोजा, वही घेऊन या, आणि पाऊस नसेल तर सात वाजता गच्चीवर भेटू.